थंड पावसातले 10 किलोमीटर

मी संगमेश्वर तालुक्यातली. पावसात सायकल कशी चालवायची हे मला कुणाकडून शिकावं लागेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. पाचवी ते दहावी मी रोज 4 किलोमीटर सायकलने शाळेत गेले, त्यातला थोडा रस्ता मुंबई-गोवा हायवेचा. जून ते सप्टेंबर दप्तर खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून कॅरिअरला बांधलेलं असायचं आणि बाजूने जाणारा प्रत्येक ट्रक डबक्यातलं लाल पाणी अंगावर फेकून जायचा. वर्गात पोचलो की बाकाखाली थारोळं. दुसऱ्या-तिसऱ्या तासापर्यंत कपडे अंगावरच वाळायचे.

म्हणून 2022 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सला आले, डेल्फ्टमध्ये खोली घेतली आणि हेगमधल्या ऑफिसला सायकलनेच जायचं ठरवलं, तेव्हा त्यात मला धाडसाचं काही वाटलं नाही. अंतर जेमतेम 10 किलोमीटर, रस्ता सपाट, फ्लीट नावाच्या कालव्याच्या कडेकडेने जाणारा. ऑफिसातल्या एकाने विचारलं, "हिवाळ्यातही?" मी म्हटलं, आमच्या जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तुमच्या अख्ख्या देशात 850 च्या आसपास. तो हसला आणि म्हणाला, "बघ, नोव्हेंबरात बोलू."

नोव्हेंबरच्या मध्यावरची ती सकाळ मला तासासकट आठवते. साडेसात वाजले होते, बाहेर काळोख होता आणि तापमान 4 अंश. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हताच. आमच्याकडे अशा पावसात कुणी छत्रीही उघडत नाही. बारीक, चाळणीतून पडल्यासारखा, आणि वारा असल्यामुळे आडवा. मी जीन्स, सुती टी-शर्ट, त्यावर हूडी आणि घरून आणलेला रेनकोट घातला होता. हातात विणलेले पातळ हातमोजे. पहिले 3 किलोमीटर छान गेले. मी जोरात पॅडल मारत होते, अंगात ऊब होती, आणि मला वाटलं, एवढंच ना?

रायस्वाइकपाशी होर्नब्रुग नावाचा पूल आहे. खालून मोठी बोट जायची असली की तो मधून वर उचलला जातो. त्या दिवशी मी पोचायला आणि घंटा वाजून फाटक पडायला एकच गाठ पडली. 5-6 मिनिटं थांबावं लागलं असेल. तेवढ्यात अंगातली सगळी ऊब कुणीतरी ओढून घेतल्यासारखी निघून गेली. मांड्यांवर जीन्स चिकटली होती, पाठीवरचा घाम बर्फासारखा गार झाला होता, आणि हातमोज्यांतून पाणी निथळत होतं. पूल खाली आला, सगळे निघाले. मला ब्रेकवर बोटं आहेत की नाहीत हे बघून खात्री करावी लागत होती.

ऑफिसच्या स्टँडवर कुलूप लावताना किल्ली फिरेना. कुलूप ठीक होतं, माझ्या चिमटीतच जोर उरला नव्हता. शेवटी दोन्ही तळहातांच्या मध्ये किल्ली धरून फिरवली. आत जाऊन पहिली चूक केली ती म्हणजे गरम पाण्याच्या नळाखाली हात धरले. नखांच्या मुळाशी सुया टोचाव्यात तशी कळ गेली. मी बाथरूमचं दार लावून घेऊन रडले. दुखत होतं म्हणून रडले, आणि ज्या गोष्टीची मला लहानपणापासून सवय होती तीच मला येत नव्हती, म्हणूनही.

संध्याकाळी ट्रामने घरी आले. पुढचे 10 दिवस ट्रामनेच गेले. 1 नंबरची ट्राम त्याच कालव्याच्या काठाने जाते. काचेवरची वाफ पुसून मी बाहेर बघायचे, तर त्याच पावसातून शाळेची पोरं दोघं-दोघं जोडीने गप्पा मारत चाललेली. आया पुढच्या मोठ्या लाकडी खोक्यात दोन-दोन मुलं बसवून, वर पारदर्शक ताडपत्री ओढून चाललेल्या. सत्तरीचे आजोबा ताठ बसून, कुठेही घाई नसल्यासारखे. त्यांना काहीतरी ठाऊक होतं जे मला ठाऊक नव्हतं. मला तेच हवं होतं.

ते मला शेजारच्या आजींनी शिकवलं. इथे वयाने मोठ्यांनाही नावाने हाक मारतात, पण मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणते. वय 76. रोज सकाळी सायकलवरून पोहायला जातात. मी ट्रामने जाते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, "सायकल बिघडली का?" मी म्हटलं, नाही, पाऊस. त्यावर त्या जे म्हणाल्या ते ऐकून मी थबकलेच. म्हणाल्या, "तू काय साखरेची आहेस?" माझी आई हेच म्हणायची. अंगणातून पागोळ्यांखालून पळायला मी कुरकुर केली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "जा गं, साखरेची नाहीस विरघळायला!" साडेसहा-सात हजार किलोमीटरवर, दुसऱ्या भाषेत, तेच वाक्य. मी आजींना ते सांगितलं. त्यांनी मला घरात बोलावून कॉफी दिली आणि विचारलं, "घालतेस काय ते दाखव."

तोवर मी बऱ्यापैकी पैसे खर्चून चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट घेतलं होतं. एकदाच वापरलं आणि आतून ओलंचिंब निघालं. गळतंय, परत करणार, असं मी म्हटलं. आजींनी जॅकेट उलटं करून आतला भाग चाचपला, शिवणी बघितल्या. "हे पावसाचं नाही. तुझं आहे," म्हणाल्या. घाम. मी गार वाटू नये म्हणून आधीच तीन थर घालून निघायचे, वर थंडी पळवायला जोरात पॅडल मारायचे. जॅकेट कितीही हवा खेळती ठेवणारं असलं तरी एवढा घाम ते बाहेर टाकू शकत नाही. मग तोच घाम मी थांबले की मला गारठवायचा. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. होर्नब्रुगवर माझं जे झालं त्यात पावसाचा वाटा थोडा होता, बाकी सगळं मीच घरून अंगावर घेऊन निघाले होते.

त्यांचा पहिला नियम: दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिल्या 5 मिनिटांत कुडकुडल्यासारखं वाटलं तर कपडे बरोबर आहेत. निघतानाच उबदार वाटत असेल तर एक थर काढायचा. दुसरा नियम: सावकाश. 35 मिनिटांचा रस्ता 45 मिनिटांत काटायचा. पूल उघडा असेल तर उघडा. आणि गळ्याजवळची चेन चढ-उतार बघून उघडमीट करायची. या देशात चढ म्हणजे पूलच, पण वारा समोरून असला की तोही चढच असतो.

सुती कपडे पावसाळी दिवशी बाद, हे त्यांनी मला टी-शर्ट हातात घेऊन सांगितलं. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगाला चिकटून गार पडतं. आत लोकर घाल, पातळ, अंगाबरोबर. मेरिनो मेंढीची लोकर ओली झाली तरी ऊब देते. हे ऐकताना मला माझे आजोबा दिसले. भातलावणीच्या दिवसांत ते डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेऊन नांगर धरायचे, आणि आम्हा पोरांना प्रश्न पडायचा की एवढ्या पावसात हे जड, भिजून वास मारणारं घोंगडं कशाला. बायका इरली घेऊन वाकलेल्या असायच्या, पाणी पाठीवरून ओघळून जायचं. सकाळी निघताना आजोबा घोंगडं झटकायचे आणि म्हणायचे, "भिजलं तरी गार लागत नाही हे." त्यांनी मला लहानपणीच सांगितलेलं होतं, मी मात्र ते घोंगड्यापुरतंच ऐकलं होतं.

इरल्याचाही इथे भाऊबंद आहे. सायकलसाठीचा पोंचो मिळतो, त्याची पुढची कड हँडलवर अडकवायची, की मांड्यांवर तंबू होतो. खालून हवा खेळते, घाम येत नाही. बिनवाऱ्याच्या पावसात याच्यासारखं सुख नाही. पण समुद्रावरचा वारा सुटला की त्याचं शीड होतं. मी तो महिन्यातून चारदा वापरत असेन. बाकी दिवस रेनपँट आणि जॅकेट.

हातांचा प्रश्न सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्कीइंगचे जाडे हातमोजे घेतले, ते तासाभरात स्पंजासारखे भरले आणि वाळायला दोन दिवस लागले. उपाय शेवटी निघाला स्वयंपाकघरातून. भांडी घासायचे रबरी हातमोजे, आपल्या मापापेक्षा दोन नंबर मोठे, आणि आत लोकरीचे हातमोजे. पाणी आत जात नाही, वारा लागत नाही. दिसायला पिवळेधमक दिसतात, आणि वळताना हात दाखवला की मागच्याला लांबून दिसतो हा वरचा फायदा. एकच काळजी घ्यावी लागते. जॅकेटची बाही रबरी हातमोज्याच्या वर आली पाहिजे, नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी सरळ आत शिरतं. लोकरीची दुसरी जोडी पिशवीत, परतीसाठी. ओला हातमोजा संध्याकाळी पुन्हा चढवणं म्हणजे दिवसभराच्या उबेवर पाणी.

पायांचं मी दुर्लक्ष केलं आणि ते भोगलं. डिसेंबरात उजव्या पायाची दोन बोटं लाल झाली, सुजली, आणि रात्री पांघरुणात गेलं की अशी खाजायची की झोप येईना. मला बुरशी वाटली. आजींनी बघितल्या बघितल्या सांगितलं, इथे याला 'हिवाळ्याची बोटं' म्हणतात. गारठलेली बोटं एकदम गरम केली की बारीक रक्तवाहिन्या सुजतात, त्याचा हा त्रास. मी रोज ऑफिसात पोचल्यावर बूट काढून पाय थेट रेडिएटरला लावायचे. ते बंद केलं. आणि आणखी एक उमगलं. थंडी वाजते म्हणून त्याच बुटात मी दोन जाड मोजे कोंबत होते, त्याने पाय आवळले जाऊन आणखी गार पडत होते. एक नंबर मोठा बूट, एकच लोकरीचा मोजा, वर पाणी अडवणारं बुटाचं कव्हर, आणि रेनपँटचा काठ त्या कव्हरच्या बाहेर. काठ आत खोचला की बूट म्हणजे पन्हळीखाली ठेवलेली बादली. बोटं बरी व्हायला तीन आठवडे लागले.

टोपीबद्दल थोडक्यात: जॅकेटचा हूड मानेबरोबर वळत नाही. मागे बघायला मान वळवली की हुडाचं आतलं कापडच दिसतं. मला चष्मा आहे. पुढे झापड असलेली साधी टोपी आत आणि हूड तिच्यावर घट्ट बांधलेला, म्हणजे चष्म्यावर निम्माच पाऊस येतो आणि हूडही डोक्याबरोबर वळतो.

वाऱ्याचं गणित मी मनातल्या मनात करायला लागले. 0 अंश तापमान आणि 20 किलोमीटर वेगाचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 5 सारखं लागतं. सायकल स्वतःच वारा निर्माण करते, म्हणजे बिनवाऱ्याच्या दिवशीही वेग कमी ठेवला तर चेहरा कमी गारठतो. इथे वारा बहुतेक नैर्ऋत्येचा. सकाळी हेगला जाताना तो डाव्या खांद्यामागून हलका हात देतो, संध्याकाळी उजव्या गालावर समोरून येतो. म्हणून ऑफिसातून निघण्याआधी मी काहीतरी खाते. रिकाम्या पोटी समोरचा वारा आणि थंड पाऊस एकत्र घेऊ नये, हे मी कुणालाही सांगेन.

पडले एकदाच. जानेवारीत, हेगमध्ये शिरल्यावर. ओल्या रस्त्यात ट्रामचे रूळ सायकलच्या रस्त्याला तिरके छेदून जातात. मागून कुणीतरी घंटी वाजवली म्हणून मी कडेला झाले आणि पुढचं चाक रुळाला जवळजवळ समांतर गेलं. ओलं लोखंड साबणासारखं असतं. सायकल डावीकडे, मी उजवीकडे. गुडघा फुटला, रेनपँट फाटली, हाड सुदैवाने वाचलं. दोन अनोळखी बायकांनी सायकल उचलून बाजूला ठेवली, एकीने रुमाल दिला. तेव्हापासून रूळ आला की मी आधीच वेग कमी करते, शक्य तितकं काटकोनात वळून घेते, आणि ओलांडताना ना ब्रेक, ना वळण, ना पॅडलवर जोर. पांढरे पट्टे, गटाराची झाकणं, लाकडी पूल, ओल्या पानांचा थर, सगळीकडे हेच.

त्या पडण्याने मला ब्रेकचाही धडा दिला. माझी जुनी सायकल रिम ब्रेकची होती. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या रबर नुसतं पाणी पुसण्यात घालवतं, पकड नंतर येते. फेब्रुवारीत मी ती विकून सेकंडहँडच पण चाकाच्या हबमध्ये बंद ब्रेक असलेली, पूर्ण चेनकव्हर असलेली आणि हबमध्येच डायनॅमो असलेली इथली साधी काळी जड सायकल घेतली. जड आहे खरी. पण तिला पावसाने काही फरक पडत नाही. या लोकांच्या सायकली अशा का असतात ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं पावसात उभं राहून त्यांनी ठरवलेला तो आकार आहे. टायरमध्येही मी हिवाळ्यात हवा थोडी कमी ठेवते, रस्त्यावर जास्त रबर टेकतं.

आणि काही दिवस सायकल काढायची नसते. हे शिकणं मला सगळ्यात जड गेलं, कारण तोपर्यंत माझ्यात जिद्द आली होती. एका सकाळी पाऊस थांबला होता, आकाश निरभ्र, रस्ता नुसता ओला दिसत होता. खाली उतरले तर आजी अंगणातच उभ्या. "आज नाही," म्हणाल्या आणि काठीने रस्ता ठोकून दाखवला. टक् टक्. रात्री ओल्या रस्त्यावर पारा शून्याखाली गेला होता आणि सगळ्यावर काचेसारखा पातळ बर्फ होता, दिसतच नव्हता. मुख्य सायकलरस्त्यांवर पहाटे मिठाच्या गाड्या फिरतात, गल्लीत आणि छोट्या पुलांवर फिरतातच असं नाही, आणि पुलाला खालूनही गार हवा लागते म्हणून तो आधी गोठतो. केएनएमआय ही इथली हवामानसंस्था पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते. नारिंगी असेल तर मी आता ट्राम पकडते आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

फिनलंडमध्ये ओउलू नावाचं शहर आहे, हिवाळ्यातल्या सायकलिंगसाठी जगात नावाजलेलं. 2013 मध्ये पहिली विंटर सायकलिंग काँग्रेस तिथेच भरली. तिथला एक जण आमच्या ऑफिसात आहे. मी त्याला म्हटलं, तुमच्या उणे 15 पुढे आमचं काय! तो मनापासून म्हणाला, "नाही, इथलंच कठीण आहे. तिकडे बर्फ कोरडा असतो, दाबून बसलेला असतो. 3 अंश आणि पाऊस याला कपडाच नाही." मला फार बरं वाटलं ते ऐकून.

हे सगळं जमतं त्याला आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या कर्तबगारीचं नाही. या 10 किलोमीटरमध्ये ट्रक माझ्या शेजारून जात नाही. 1970 च्या दशकात इथेही रस्त्यांवर माणसं मरत होती, मुलं मरत होती. लोक रस्त्यावर उतरले, 1973 च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद राहिल्या, मग हेग आणि टिलबुर्गमध्ये नमुन्याचे सायकलरस्ते झाले, 1980 च्या दशकात डेल्फ्टने अख्ख्या शहरात सायकलरस्त्यांचं जाळं विणलं. मी त्याच जाळ्यावरून जाते. हवामानाशी एकटीने निभावता येतं. हायवेवरच्या त्या लाल पाण्याच्या फवाऱ्यात मी सायकल सांभाळत असायचे तेव्हा आई दारात उभी राहायची. ती पावसासाठी उभी नसायची.

मिठाचं एक राहिलं. ते रस्ता वाचवतं आणि सायकल खातं. मीठ पडलेल्या दिवशी घरी आले की कोमट पाण्याचं फडकं सगळीकडून फिरवायचं, आणि आठवड्याने चेनला तेल. कुलपातही दोन थेंब. गोठलेल्या कुलपावर गरम पाणी मात्र ओतायचं नाही, ते आत जाऊन पुन्हा गोठतं.

घरात मी रेडिएटरच्या वर एक वलणी बांधली आहे. ओले मोजे, हातमोजे, टोपी त्यावर. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे. आमच्या चुलीवरच्या वलणीसारखा धुराचा वास तेवढा येत नाही, बाकी तेच. आई व्हिडिओ कॉलवर ती बघते आणि दर वेळी विचारते, "अगं, तुझ्याकडे आगोट संपतच नाही का?"

डिसेंबरात इथे पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला मावळतं, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा काळोख. त्या काळोखाला मी आधी फार भ्यायले होते. आता तो माझा आवडता वेळ आहे. समोर दिव्याचा पिवळा कवडसा, त्यात पावसाच्या रेघा, डाव्या हाताला कालव्याचं काळं पाणी, मधूनच एखादं बदक. अंग आतून कोरडं, बोटं हालतात. सगळ्यांत पुढे कुणीतरी, मागे कुणीतरी, लाल दिव्यांची ओळ. कुणी कुणाशी बोलत नाही.

या वर्षी ऑक्टोबरात ऑफिसात नागपूरचा एक मुलगा आला. उन्हाचा माणूस. त्याने डेल्फ्टमध्येच खोली घेतली आहे आणि सायकलही. परवा पहिला गार पाऊस झाला. तो आला तेव्हा त्याच्या बोटांचा रंग बघूनच मी उठले आणि त्याला नळापासून बाजूला घेतलं, हात काखेत धरून बस म्हटलं, हळूहळू होऊ दे. संध्याकाळी मी खालच्या दुकानातून भांडी घासायच्या हातमोज्यांची सगळ्यात मोठ्या मापाची जोडी आणून त्याला दिली. त्याने एक हातात घालून बघितला.

"ताई, हे खूप मोठे होतात."

"मोठेच हवेत," मी म्हटलं. "आत लोकरीचे घालायचेत."